दोन खोल्यांमधली वायर

लेमविग,
१४ सप्टेंबर २००३

चि. बिर्थे हिस अनेक आशीर्वाद.

मोडलेला पाय कसा आहे? तू तिकडे बॉर्नहोल्म बेटावर आयती बसून भाजलेले मासे चापत असशील. इथे मला उसंत नाही. आठ नोव्हेंबरला आपल्या भावाची, एब्बेची साठी. समारंभात दाखवायला मी जुन्या व्हिडिओ कॅसेटांची फिल्म करते आहे. एब्बे हरखून गेला. अकरा कॅसेटा आहेत म्हणाला.

तुला म्हणून खरं सांगते, मला त्याचं नाक कापायचं आहे. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तो पिऊन हेरिंग माशांच्या ताटात बसला होता, आठवतं? ते सगळ्यांना दाखवणार.

आईच्या पंचाहत्तरीला ती भाषणाला उभी राहिली तेव्हा मी स्वयंपाकघरात सॉस ढवळत होते. करपेल म्हणून हलले नाही. नऊ वर्षं मी तिचं सगळं केलं, आणि तिचे शब्द मात्र मला ऐकायला मिळाले नाहीत. तू म्हणालीस की तिनं माझं फार कौतुक केलं. ते तिच्या तोंडून एब्बेने घेतलेल्या कॅसेटवर तरी ऐकू म्हटलं, तर या शहाण्याने त्यावर हँडबॉलचा सामना उतरवला होता! पुढच्या वसंतात आई गेली. चौदा वर्षं झाली, माझा राग तसूभर उतरला नाही.

कॅसेटचं मशीन माझ्या नवरोबाने, स्वेनने, बैठकीच्या खोलीतल्या कपाटात असं ठोकून बसवलंय की कपाट फोडल्याशिवाय निघत नाही. कॉम्प्युटर पार मागे, शिवणाच्या खोलीत. शेवटी भिंतीला भोक पाडून लांबलचक वायर ओढली. मधे, बैठकीतच, आमचा नवा कॅमेरा जोडावा लागतो, त्यातून चित्र कॉम्प्युटरमध्ये जातं. स्वेन इकडे बटण दाबतो, मी तिकडे. दोन तासांची कॅसेट उतरायला दोन तासच लागतात, त्यामुळे घरात रोज नुसता आरडाओरडा चाललेला असतो. शेजाऱ्यांना वाटतं आमचं बिनसलंय.

पायाला जप.

तुझी,
गेर्डाताई


स्वानेके,
२३ सप्टेंबर २००३

ती. गेर्डाताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले आणि घाबरलेही. प्लास्टर दिवाळखोर पाहुण्यासारखं चिकटून बसलंय, डॉक्टर डिसेंबरपर्यंत काढत नाही म्हणतात. म्हणजे दादाची साठी माझी हुकली.

हेरिंगचं ताट दाखव, दादा स्वतःच पोट धरून हसेल. पण आईच्या कॅसेटचं आता जाऊ दे ना, ताई. चौदा वर्षांचं मढं उकरून काय हाती लागणार? तू तिचं किती केलंस ते गावाला ठाऊक आहे. स्वेनभाऊजींना म्हणावं, भिंतींना भोकं जरा कमी पाडा.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बिर्थे


लेमविग,
१९ ऑक्टोबर २००३

चि. बिर्थे हिस आशीर्वाद.

हेरिंगचं ताट गेलं खड्ड्यात. त्याहून मोठं घबाड हाती लागलं आहे.

काल एब्बे आणि युट्टे शेवटची कॅसेट घेऊन कॉफीला आले. मी शिवणाच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे होते. आधीची कॅसेट संपली तसं मी स्वेनला कॅमेरा बंद करायला ओरडून सांगितलं. त्याने बटण भलत्याच बाजूला सरकवलं आणि केक आणायला बेकरीत गेला. झालं! कॅमेरा चालू, आणि समोर कोचावर आपला भाऊ आणि भावजय. चित्र, आवाज, सगळं माझ्यापुढे, आणि कॉम्प्युटर उतरवून घेतोय.

एब्बे युट्टेला म्हणत होता, पिशवी नीट बघितलीस ना, आईच्या पंचाहत्तरीची कॅसेट चुकून आली नाही ना. ती म्हणाली, ती तुमच्या कपाटात कुलपात आहे. तेव्हा तो म्हणाला की मी जिवंत आहे तोवर ती गेर्डाच्या हाती लागू देणार नाही, हँडबॉलची थाप पचली आहे तर पचू दे.

कॅसेट आहे, बिर्थे! चौदा वर्षं या माणसाने माझ्या आईचे शब्द माझ्यापासून लपवले. मी बाहेर गेले, हसून केक वाढला. त्याने दोनदा घेतला. आता हे सगळं साठीला, सगळ्यांसमोर, पडद्यावर.

तुझी,
ताई


स्वानेके,
२५ ऑक्टोबर २००३

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाया पडते, असं करू नकोस. आधी दादाला एकट्याला गाठून विचार. त्याचंही काही कारण असेल. मी यापेक्षा जास्त लिहू शकत नाही, शब्द दिलेला आहे. माझं एवढं ऐक.

तुझी,
बिर्थे


लेमविग,
९ नोव्हेंबर २००३

चि. बिर्थे हिस आशीर्वाद.

कोणाला कसला शब्द दिलास ते तुझं तुला माहीत. मी ऐकलं नाही.

काल हॉलमध्ये साठ माणसं होती. जेवण झालं, एब्बेवर रचलेलं गाणं सगळ्यांनी कागद हातात धरून म्हणायला घेतलं, त्यातली चार कडवी उरली असताना मी म्हटलं, आता फिल्म. आधी होड्या, पोरं, हेरिंगचं ताट. लोक हसून लोळले. मग माझा कोच आला, आणि त्यावर तो.

मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर विचारलं, हे खरं का. तो म्हणाला, खरं. विचारलं, कॅसेट देतोस का. म्हणाला, नाही. एवढंच. पांढराफटक पडला होता. जुनी मंडळी तर मान खाली घालून ताटातच बघत बसली, इतकी त्यांना त्याची लाज वाटली. आईची मैत्रीण कारेन उठून बाहेर गेली. उरलेलं गाणं कोणी म्हटलं नाही.

चौदा वर्षांत पहिल्यांदा मला जेवण गोड लागलं. खोटं कशाला बोलू?

तुझी,
ताई


स्वानेके,
१३ नोव्हेंबर २००३

ताई,

नमस्कार-चमत्कार राहू दे. शब्द मोडते.

ते लोक दादाची लाज वाटून ताटात बघत नव्हते. त्यांना तुझ्याकडे बघवत नव्हतं. आईच्या पंचाहत्तरीला ते सगळे तिथे होते.

आईने डॉक्टरांचे आभार मानले, माझ्या पत्रांचे मानले, दादा महिन्यातून एकदा येतो त्याचे मानले. मग म्हणाली, देवाने मला दोन गुणी मुलं दिली. कॅमेऱ्यामागून दादा म्हणाला, तीन, आई. तिने त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा म्हणाली, दोन.

तू आत सॉस ढवळत होतीस. दादाने एकेका पाहुण्याला गाठून हात जोडले की गेर्डाला कळू देऊ नका. कौतुकाची थाप मी मारली, हँडबॉलची त्याने. कॅसेट जाळ म्हटलं, तर म्हणाला की आईचा आवाज एवढाच उरलाय. तुला आधीच सांगायला हवं होतं. मी भित्री. मला हवं ते बोल.

बिर्थे


लेमविग,
२३ नोव्हेंबर २००३

चि. बिर्थे हिस,

एब्बेला फोन केला. युट्टे म्हणाली, ते बागेत आहेत. तासाभराने पुन्हा केला, तरी बागेतच. नोव्हेंबरात बागेत काय असतं? तिसऱ्या दिवशी युट्टे दाराशी कॅसेट ठेवून गेली. चिठ्ठी नव्हती.

मी बघितली. तू लिहिलंस तसंच आहे. तुझ्यावर रागवायला आता अंगात बळ नाही. एब्बेपुढे मी नाक घासायला तयार आहे, तो दार उघडेल तेव्हा.

पण राग कुठे गेलेला नाही, बिर्थे. नऊ वर्षं तिला मी न्हाऊ घातलं, भरवलं, रात्री कुशीवर वळवलं. जिच्यावर सूड घ्यायचा ती चर्चच्या आवारात गाढ झोपली आहे, आणि गेली चौदा वर्षं दर शनिवारी तिच्या थडग्यावरचं तण उपटून ताजी फुलं मीच ठेवते.

काल शनिवार होता. मी गेले नाही.

माया असू दे.

गेर्डा