गाडी मीच चालवणार

दि. १८ जानेवारी २०२५

ती. आप्पांना आणि मायला रंजिताचा नमस्कार.

मी सुखरूप पोहोचले. विसरवाडीला बस चहासाठी थांबली तेव्हा फोन करणार होते. पण तुमचा आवाज ऐकला असता तर तिथूनच उलटी फिरले असते. म्हणून पत्र. घरी आपण अहिराणीत बोलतो, पण लिहायला बसलं की शाळेतलीच मराठी येते. परकेपणा मानू नका.

आपल्या वावरात ऊसतोडीची टोळी आली का? मायचा गुडघा कसा आहे? मला मोटारसायकलवरून शहाद्याच्या स्टँडवर सोडलं म्हणून भूपेंद्रला रागावू नका. तो नको नको म्हणत होता, मीच भावाला गळ घातली.

आप्पा, मी न सांगता निघाले. राग आला असणारच. गाडीत काय झालं, असं तुम्ही कितीदा विचारलंत आणि मी "काही नाही, दमले" एवढंच म्हणत राहिले. आता सांगते.

माझी मेट्रो स्टेशनात शिरत होती. कॉलेजातल्या एका मुलीचा फोन रुळांवर पडला आणि तो उचलायला ती खाली उतरली. मी तातडीचा ब्रेक लावला, हॉर्न दाबून धरला. पण गाडी जागच्या जागी थांबत नाही, आप्पा. ती पुढे जात राहते आणि आपल्या हातात फक्त बघणं उरतं. मुलगी फोन छातीशी धरून माझ्याकडे बघत उभी होती. गाडी थांबली तेव्हा काचेतून मला तिचे केस तेवढे दिसत होते.

लोकांनी तिला वर ओढलं. ती कपडे झटकून गर्दीत निघून गेली. माझा हात मात्र लिव्हरवरून सुटेना. स्टेशनवरच्या बाईंनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

साहेबांनी विश्रांती घ्यायला सांगितलं, तुम्ही न्यायला आलात. गावी, कळसाडीत, ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला तरी मी दचकायचे. तुम्ही डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "बेटा, बस व्हयनं आते. घर शे, वावर शे. तुले काय कमी शे?" खरं सांगते, आता पुरे झालं हे ऐकून तेव्हा फार बरं वाटलं.

मग रतिलालकाका पुरुषोत्तमनगरचं स्थळ घेऊन आले. तुम्ही ओट्यावर त्यांना म्हणालात, "पोरगीनी नोकरी सोडी दिनी. आते ती घरच ऱ्हाई." मी आत चहा गाळत होते.

मी सोडली नव्हती, आप्पा. माझ्या वतीने तुम्हीच सोडून मोकळे झाला होतात. आपल्या घरात मला इतकं जपत होते सगळे, की आणखी थोडी राहिले असते तर तुमचं बोलणं खरं झालं असतं.

आज प्रशिक्षकांना शेजारी बसवून डेपोतल्या रुळांवर गाडी चालवली. पहिल्या फेरीत मी ब्रेक फारच लवकर लावला. ते म्हणाले, "उतरायचंय?" मी म्हणाले, "नाही, सर. अजून एक फेरी." त्या फेरीत गाडी बरोबर खुणेवर थांबली. प्रवासी न्यायची परवानगी मिळायला वेळ लागेल. तोवर रोज हेच करणार. भीती गेली असं खोटं लिहीत नाही. त्या स्टेशनात शिरताना ती बहुधा कायमची सोबत असेल. असू दे.

मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याला भेटायलाही तयार आहे. पण आधी रतिलालकाकांना खरं सांगा: पोरगी मेट्रो चालवते आणि पुढेही चालवणार. हे ऐकून ते लोक उठून गेले तर जाऊ द्या. तुमच्याने बोलवत नसेल तर तसं कळवा, मी काकांना फोन करेन. पण तुमच्या तोंडून गेलं, तर मला इथे एकटं वाटणार नाही.

मायला पत्र पूर्ण वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

तुमची, कामावर रुजू झालेली लेक,
रंजिता