पेगची सोबतीण

शुक्रवार, ११ एप्रिल

निर्णय झाला. पेगला सोबत पाहिजे.

तिच्या सोबतीचा नर, सार्जंट, जानेवारीत गेला. तेव्हापासून बिचारी पिंजऱ्यात एकटी. आज ब्रेड-दूध तसंच ठेवलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा गवतात शिरली. दुसऱ्या कुणाला यातलं काही कळलं नसतं. पण मी चाळीस वर्षं फेरेट पाळतोय, मुंगसासारखी ही लांबट शिकारी जनावरं. माझ्या बापाने पाळले, त्याच्या बापाने पाळले. गावातल्या निम्म्या सशांना आमच्या घराण्याने बिळातून बाहेर काढलंय. फेरेटचं मन मला समजतं. हा एकटेपणा आहे.

शेपटीखाली सूज दिसतेय. मादी माजावर आली की दिसतेच. वसंत आहे.

नर आणायचा नाही. नराचा वास माझ्या बायकोला, हिल्डाला, सहन होत नाही. बहीण मेव्हिसच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी ती रेडकार गावी तिच्याकडे गेली, तेव्हा दारात उभी राहून वासाबद्दलच बोलत होती. आणखीही बरंच बोलत होती. मुख्य मुद्दा वास. आता सार्जंट नाही, वास नाही, घर तिची वाट बघतंय. अशा वेळी घरात नर आणणारा माणूस मूर्ख म्हणायचा. दुसरी मादीच आणणार.

रविवार, १३ एप्रिल, संध्याकाळ

सहाला हिल्डाचा फोन. रविवारी सहाला येतोच. पहिला प्रश्न नेहमीचाच, पेग कशी आहे. बायका मनातलं सरळ विचारत नाहीत.

तसं पेगला वाढवलं तिनेच. सगळ्यात लहान पिल्लू, आईने बाजूला ढकललेलं. हिल्डाने एप्रनच्या खिशात ठेवून ड्रॉपरने दूध पाजलं. माझं म्हणणं होतं, जगायची नाही.

मेव्हिसच्या खुब्याची चौकशी केली. ऑपरेशनला दीड वर्ष झालं. आता ती गुरुवारी नाचाच्या क्लासला जाते म्हणे. खुब्याचं दुखणं चिवट असतं, हिल्डाला इतक्यात निघता येणार नाही हे मी समजू शकतो.

तिने विचारलं, यंदा पेगसाठी नराचं काय केलंस. म्हटलं, सगळी व्यवस्था होतेय, तुला आश्चर्याचा धक्का देणार आहे. ती म्हणाली, विल्फ, तू ऐकतोयस ना. म्हटलं, ऐकतोय. किटलीची शिट्टी वाजत होती, त्यामुळे मधलं थोडं राहिलं.

गुरुवार, १७ एप्रिल

मळ्यावर क्लिफ भेटला. भेटला म्हणजे कुंपणापलीकडे होता. आमचे भाजीचे वाफे शेजारी शेजारी, खोपटी पाठीला पाठ लावून. दोन वर्षं बोलणं बंद आहे. मळेवाल्यांच्या क्लबच्या भाजी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी माझे लीक, कांद्याच्या जातीचे जाड दांडे, मुळापासून आडवे झालेले सापडले. मनगटाएवढे लीक, पहिलं बक्षीस ठरलेलं. क्लिफचं म्हणणं, मी त्यांना बिअर पाजली म्हणून कुजले. पाजलीच होती. पण कुजण्याइतकी नाही. कापणारा तोच.

क्लिफकडे एक नर आहे, डॉक्टरकडून नसबंदी केलेला. सगळ्या मळ्यांत तो एकच. वसंतात तो या खोपट्यातून त्या खोपट्यात फिरतो. लोक त्याला दोन-तीन दिवस ठेवतात, क्लिफला अंडी नाहीतर काळ्या स्टाउट बिअरची बाटली देतात. मादीचा माज उतरतो, पिल्लं होत नाहीत. मागायला मात्र क्लिफकडे जावं लागतं.

आज क्लिफ त्या नराला हातात धरून त्याच्याशी बोलत होता. मोठ्याने, मला ऐकू जाईल असं.

"ऐक रे लेका. माजावरची मादी नराशिवाय राहिली की तिचं रक्त आटतं. महिना, फार तर दोन महिने. मग खलास. पण काही माणसांचं नाक एवढं वर असतं, की पायाखालचं मरताना दिसत नाही."

मी माझ्या कोबीला सांगितलं की चाळीस वर्षांत माझी एकही मादी अशी मेलेली नाही.

घरात कायम नर होता, ही गोष्ट वेगळी.

शनिवार, २६ एप्रिल

आणली! क्लबमध्ये एक जण कोटाच्या आत घालून आला होता. वाळूच्या रंगाची, गुबगुबीत, डोळ्यांत चमक. नाव ठेवलं क्वीनी. तो म्हणाला, गरीब आहे. आत्तापर्यंत तीन बोटांना पट्ट्या.

दोघींची ओळख पद्धतशीर करायची. एकीला दुसरीचा वास परका वाटतो, म्हणून भांडण होतं. तेव्हा दोघींना एकाच साबणाने आंघोळ. न्हाणीत हिल्डाची लॅव्हेंडर शॅम्पूची बाटली राहिली होती, तळाशी थोडा शॅम्पू होता. पाणी घालून हलवला, दोघींना चोळला. आता दोघींना हिल्डासारखा वास येतोय. टॉवेलात गुंडाळून बराच वेळ मांडीवर घेऊन बसलो.

मग क्वीनी चावली.

रविवार, २७ एप्रिल

हिल्डाला बातमी दिली. आनंद झाला असावा, कारण बोललीच नाही. मग विचारलं, पण नराचं काय. शहरातला प्राण्यांचा डॉक्टर माज उतरवायचं इंजेक्शन देतो, तिने मेव्हिसच्या शेजाऱ्याकडून ऐकलंय. मला वचन द्यायला लावलं. दिलं. उद्या सोमवार, सकाळच्या बसने पेगला घेऊन जाणार. नक्की.

सोमवार, २८ एप्रिल

पाऊस. ओल्या प्राण्याला सर्दी होते.

मंगळवार, ६ मे

काल बँक हॉलिडे, दवाखाना बंद. आज उघडा होता, पण तिथला डॉक्टर नवीन पोरगा आहे असं ऐकलं. ज्याला सशाचं बीळ कशाशी खातात माहीत नाही, तो माझ्या फेरेटला सुई टोचणार. पुढच्या सोमवारी बघू.

भांडणं चालूच आहेत. क्वीनी पेगची मानगूट धरून तिला पिंजराभर फरफटत नेते. पेग किंचाळते. हे नेहमीचंच, एकमेकींची ताकद अजमावतात. पहिल्या वर्षी हिल्डा आणि माझी आई यांचंही असंच होतं.

सोमवार, १२ मे

गुडघा दुखतोय. बसची पायरी उंच असते.

रविवार, १८ मे

यश! भांडणं बंद.

सकाळी गवत उचलून बघितलं तर पेग शांत पडलेली आणि क्वीनी तिच्या अंगावर पाय टाकून झोपलेली. पेगने विरोधसुद्धा केला नाही. मानगूट धरली तरी ओरडत नाही, अंग सैल सोडून लोंबते. यालाच विश्वास म्हणतात. माझी पद्धत बरोबर होती, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण क्लिफ मान्य करणार नाही.

शेपटीचे केस विरळ झालेत. उन्हाळ्याची नवी लव येणार असेल. हिरड्या पांढरट वाटल्या, पण याआधी मी पेगच्या हिरड्या कधी बघितल्या होत्या? असतीलही तशाच.

सहाला हिल्डाला सगळं सांगितलं. इंजेक्शन दिलं का म्हणून तिने विचारलं. म्हटलं, तब्येत एकदम छान आहे. प्रश्नाचं उत्तर मिळाल्यासारखं तिला वाटलं असेल.

रविवार, २५ मे

हिल्डा येतेय.

शनिवारी, सात जूनला, अकराच्या बसने. पेगला बघायचंय म्हणाली. फोनवर माझ्या बोलण्यावरून तिला काही समजत नाही, एकदा डोळ्यांनी बघते म्हणाली. मी म्हटलं, अवश्य ये, वाटेल तेवढे दिवस राहा. ती म्हणाली, दुपारच्या बसने परत. असं आधी म्हणावंच लागतं.

करायचं बरंच आहे. पिंजरा घासायचा. जिन्यातला भिंतीचा कागद सुटलाय तो चिकटवायचा. दाढी. तिला आवडतो तो आल्याचा केक. पेगला दोन घास जास्त भरवायचे, जरा बारीक दिसतेय. हातात घेतल्यावर हिल्डाला ती जड वाटली पाहिजे.

सोमवार, २ जून

पेगला घेऊन मळ्यावर गेलो, ऊन मिळावं म्हणून. गवतावर सोडली. पुढच्या पायांनी चालली, मागचे नुसते ओढले. थंडी भरली असेल. जूनमधल्या उन्हातही थंडी भरते कधी कधी.

क्लिफ कुंपण ओलांडून आला. फाटकाने नाही, सरळ कुंपणावर पाय टाकून, या वयात. न विचारता पेगला उचललं, अंगठ्याने ओठ वर केला. हिरडी कागदासारखी होती. मग दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"विल्फ, व्हॅन उभी आहे. आत्ता निघालो तर डॉक्टर बंद करायच्या आत पोचतो. लीकचं तुझंच खरं, मीच कापले म्हण. पण चल."

म्हणजे कबूल केलं. मी तसं त्याला म्हटलंही.

त्याने मान हलवली आणि पुन्हा चल म्हणाला. मी विचार केला. शनिवारी हिल्डा येणार. डॉक्टर पेगचे केस भादरणार, पट्ट्या बांधणार, तिला ठेवून घेणार. हिल्डाने रिकामा पिंजरा बघायचा का? त्यापेक्षा ती आली की आम्ही दोघं मिळूनच पेगला डॉक्टरकडे नेऊ. बसमध्ये शेजारी बसून, पेग तिच्या मांडीवर. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे.

क्लिफला म्हटलं, शनिवारनंतर. तो थोडा वेळ पेगला छातीशी धरून उभा राहिला. मग माझ्या हातात दिली आणि फाटकाने गेला.

बुधवार, ४ जून

केक चांगला झालाय. कागद चिकटवला.

पेग चमच्याने दूध पिते. थोडं पिते. थोडं गळ्यावरून जातं. क्वीनी तिला चाटत बसते. सोबत आणली ते किती बरं झालं.

गुरुवार, ५ जून

सकाळी पेग गेली.

क्वीनी तिच्या अंगावर पाय टाकून झोपली होती. मला वाटलं दोघी झोपल्यात. चहा पिऊन मग बघितलं.

मळ्यावर पुरली, खोपट्यामागे. क्लिफ होता. त्याने टोपी काढली.

शुक्रवार, ६ जून

हिल्डाला कळवायला हवं. दोनदा रिसीव्हर उचलला. अशा गोष्टी फोनवर सांगू नयेत. समोर बसून, चहा देऊन, हळूहळू सांगायच्या. शिवाय आधी कळलं तर ती उगाच बेत रद्द करेल, आणि बस तर तिने ठरवलेली आहे.

शनिवार, ७ जून

स्टॉपवर वेळेच्या आधी पोचलो. तिने केस कापून घेतलेत. बरे दिसतात. सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

माझा बेत होता की आधी चहा. ती घरात आलीच नाही. बाजूच्या बोळातून सरळ मागच्या अंगणात गेली, पिंजऱ्याशी वाकली, दार उघडून हात आत घातला आणि पेगला हाक मारली. ती पूर्वी मारायची तशी, ओठांनी चुटचुट करून. क्वीनी बाहेर आली. हिल्डा गवत चाचपत राहिली, कोपऱ्याकोपऱ्यात. मी पाठीमागे उभा होतो. आता सांगतो, आता सांगतो असं चाललं होतं.

तिने मागे वळून बघितलं. मग मी सांगितलं. म्हटलं, एकटेपणाने खंगली होती, आपण सोबत आणली, पण उशीर झाला.

हिल्डा रडली नाही. मी रुमाल इस्त्री करून ठेवला होता.

"ती एकटी नव्हती, विल्फ. आजारी होती. मी सांगितलं, आणखी कुणी सांगितलंही असेल. तुला जे ऐकायचं असतं तेच तू ऐकतोस. मी एकतीस वर्षं सांगत होते."

मळ्यावर जाऊन आली, एकटीच. परत आली तेव्हा बुटांना माती होती. केक खाल्ला नाही. कोट काढलाच नव्हता, त्यामुळे पुन्हा घालायची वेळ आली नाही. दुपारच्या बसच्या आधीचीच बस मिळाली तिला.

जिन्यातला कागद तिने बघितला नाही.

रविवार, ८ जून

सहाला फोन आला नाही. प्रवासाने दमली असेल.

रविवार, १५ जून

सहा वाजले. सव्वासहा. साडेसहा.

लाइनमध्ये बिघाड असणार. गेल्या आठवड्यात वारा होता, तार कुठेतरी सैल झाली असेल. रिसीव्हर उचलला तर घरघर नीट येते, पण बाहेरून येणारा फोन लागत नसेल, असंही होतं. खात्री केलेली बरी. क्लिफच्या घरी गेलो, म्हटलं मी घरी पोचलो की मला एक फोन कर, लाइन तपासायचीय. करतो म्हणाला.

घरी आलो आणि कोट न काढता खुर्चीत बसलो.

घंटा वाजली. स्वच्छ वाजली, मागच्या अंगणात क्वीनीलासुद्धा ऐकू गेली असेल. क्लिफ होता. म्हणाला, ऐकू येतंय ना नीट. म्हटलं, येतंय. म्हणाला, तुझी ती नवी पण माजावर आहे विल्फ, बोळातून जाताना मी बघितलंय, उद्या सकाळी माझ्या नराला घेऊन येऊ का.

मी म्हटलं, ये.

तो आणखी काहीतरी बोलायला लागला होता. मी फोन ठेवून दिला. लाइन मोकळी राहिलेली बरी.