माझी दबलेली शीर

३ फेब्रुवारी
दादाला किडनी मी देणार. आज जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं. वहिनी म्हणाल्या, माझाही रक्तगट जुळतो, आधी माझी तपासणी करू. म्हटलं, सख्खा भाऊ असताना तुम्ही कशाला? आईचे डोळे भरून आले. मन हलकं झालं. जेवण मात्र गेलं नाही.

५ फेब्रुवारी
ऑफिसात सांगितलं. साहेबांनी न मागता दीड महिन्याची रजा मंजूर केली. इतकी घाई करायला नको होती.

११ फेब्रुवारी
रक्त, लघवी, एक्स-रे, सगळं उत्तम. डॉक्टर म्हणाले, तब्येत तिशीतल्या माणसासारखी आहे. एरवी हे बायकोला तीनदा ऐकवलं असतं.

१४ फेब्रुवारी
सीटी स्कॅन. टेक्निशियनबाई म्हणाल्या, श्वास रोखा. सोडा म्हटल्यावरही मी रोखूनच होतो. त्यांना वाटलं घाबरलोय. मला फक्त फोटो नीट यायला हवा होता.

१६ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. डाव्या किडनीची शीर दोन धमन्यांच्या मधून जाते, तिथे ती दबलेली आहे. आणि नेमकी डावीच काढायची ठरली होती. वाईट वाटलं. फार वाईट. येताना आइस्क्रीम खाल्लं, केवळ मन सावरायला.

१७ फेब्रुवारी
डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून समजावलं. अशी दबलेली शीर पुष्कळ धडधाकट माणसांत दिसते. कुणाची मोठ्या धमनीच्या पुढून जाते, कुणाची मागून, कुणाला दोन असतात. कुशीत दुखत नाही, लघवीत रक्त नाही, म्हणजे हा आजार नाही. किडनी देता येईल.
म्हटलं, माझी जरा जास्तच दबलेली वाटते.
ते म्हणाले, नाही.

१८ फेब्रुवारी, दुपारी २
डाव्या कुशीत कळ.

१९ फेब्रुवारी, सकाळी ७
लघवी लालसर. बायकोला हाक मारली. ती दाराबाहेरूनच म्हणाली, काल एवढं बीट खाल्लंत, आणखी काय होणार? आजारी माणसाशी असं बोलू नये.

२१ फेब्रुवारी
दादाच्या डायलिसिसला गेलो. चार तास तो मशीनला जोडलेला. शेजारी बसून त्याला माझ्या कळेबद्दल सविस्तर सांगितलं. त्याने विचारलं, ‘फार दुखतं का रे?’ उत्तर देणार होतो, पण मशीनचा आवाज फार होता.

२४ फेब्रुवारी
डॉक्टरांनी एकट्याला बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, ‘मनात नसेल तर सांगा. घरी एवढंच कळवू, की तुमची किडनी घेता येत नाही. कारण कुणालाही सांगणार नाही.’
संताप आला. मी काय पळपुटा आहे? हेच म्हणणार होतो. तोंडून निघालं, हे लेखी मिळेल का?
त्यांनी फाइल मिटली. म्हटलं, उद्या सांगतो.

२७ फेब्रुवारी
पक्कं ठरवलं. किडनी देणार. डॉक्टरांना फोन करायचा होता, पण या वेळी ते कामात असतात.

२ मार्च
दादाचा फोन. नऊ तारखेला ऑपरेशन. किडनी वहिनींची. मी तपासणी नको म्हटल्यावरही त्यांनी आपली सुरू ठेवली होती.
म्हटलं, दादा, मी आजच होकार कळवणार होतो. त्या शिरेने घात केला.
तो शांतपणे म्हणाला, ‘शीर ठीक आहे रे, मी विचारलंय. मीच डॉक्टरांना म्हटलं, धाकट्याला यातून मोकळा करा.’
मग त्याने विचारलं, ‘त्या दिवशी आईजवळ थांबशील का?’
हो म्हणालो.

९ मार्च, संध्याकाळी ५
दोन्ही ऑपरेशनं नीट झाली. दादाला बसवलेली किडनी लगेच कामाला लागली, असं डॉक्टर सांगून गेले. आई माझा हात धरून म्हणाली, ‘तू होतास म्हणून निभावलं.’
मी दिवसभर बाकावर बसलो होतो. एकदा पाणी आणलं.