तळघरातली आग आणि माझा बंदोबस्त

२९ जानेवारी १८९४, सोमवार
रविवारी दुपारी गिरगावात आमच्या वाडीतर्फे जादूच्या कंदिलाचा खेळ. अंधार हवा म्हणून कापडाच्या वखारीचं तळघर घेतलं आहे. जिना एकच. मंडळाचे चिटणीस तात्या. त्यांना म्हटलं, आग लागली तर? मग तुम्हीच बंदोबस्त पाहा, म्हणाले. अखेर लायक माणूस नेमला गेला. गर्दी घाबरली की तिची मेंढरं होतात, असं इंग्रजी पेपरात वाचलं आहे. आमच्या वाडीला घाबरण्याचीही गरज नाही.

३१ जानेवारी
वाडीत सर्वांना समजावलं. आधी बायका, मग म्हातारे, शेवटी मी. कुटुंबाने विचारलं, तुम्ही खरंच शेवटी येणार? बायकांना धैर्य कशाशी खातात ठाऊक नसतं.

४ फेब्रुवारी, रविवार
पडद्यावर काशीचा घाट दिसत असतानाच कंदील कलंडला. तेल सांडलं, पडदा पेटला. शिस्त कुठली! किंकाळ्या, लोटालोटी. एक वकील तर उपरण्यासाठी मागे वळले. गावंढळ लेकाचे! कुणीतरी रस्ता दाखवायला हवा, म्हणून मी पुढे झालो. जिन्यात दोन म्हाताऱ्या आडव्या आल्या. त्यांना बाजूला करून वर पोचलो. हवा मिळाली की आग भडकते, हे शास्त्र. दार ओढून घेतलं, बाहेरून कडी लावली. आतून धक्के सुरू. हीच ती घबराट.
ओट्यावर तुळसा कोळीण मासळीची पाटी घेऊन बसली होती. मेल्या, आत मानसं हायेत, असं ओरडत आली. मला ढकललं, कडी काढली. शास्त्राचा सत्यानाश. सगळे खोकत बाहेर आले. कुटुंब सर्वांत शेवटी, त्या दोन म्हाताऱ्यांना धरून.
कुणी दगावलं नाही. श्रेय कुणाचं, हे सांगायला नको.

५ फेब्रुवारी
तात्यांनी ओळख दाखवली नाही. मत्सर, दुसरं काय. आभाराची सभा ठेवतीलच. भाषण लिहायला घेतलं.
कुटुंब बोलत नाही. हातांची सालटी निघाली आहेत. दार इतकं बडवायचं कशाला?

८ फेब्रुवारी
सभा काल होऊन गेली. मला बोलावणं विसरले. तुळसाला लुगडं दिलं म्हणे. असल्या लोकांत राहायचं म्हणजे शिक्षाच.
आज कुटुंब बोललं. दार कुणी लावलं होतं? वाऱ्याने, असं सांगितलं. कडीसुद्धा वाऱ्यानेच लावली का, म्हणाली. मी नीट समजावून सांगणार, तोवर तिने बोचकं उचललं. परळला भावाकडे गेली. परत कधी, ते बोलली नाही.
धुरानंतर हवापालट लागतोच. मीच सुचवणार होतो.