देवाला मार्क

सर, आज तुमच्याशी जरा चिडून बोलणार आहे. चीड तुमच्यावर नाही. खरं तर तिला चीड म्हणणंही सौम्य होईल, किळस म्हणावं लागेल. मी डेट्रॉईटजवळच्या एका उपनगरात राहतो, मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे, आणि माझी मुलगी इथल्या सरकारी हायस्कूलमध्ये नववीत शिकते. तिच्या जीवशास्त्राच्या अभ्यासात मधलं एक अख्खं प्रकरण गाळून वर्ग पुढे गेलेला मला दिसला. गाळलेलं प्रकरण उत्क्रांतीचं. विचारलं तर ती खांदे उडवून म्हणाली, "वी स्किप्ड इट, बाबा. टीचर म्हणाली, इंटरेस्टेड असाल तर घरी वाचा." तिची शिक्षिका तरुण आहे, चांगली आहे. पालकांच्या फोनना ती कंटाळली आहे, एवढंच. इथल्या विधिमंडळात सध्या एक विधेयक आलंय. त्यात देवाचं नाव कुठेही नाही. उत्क्रांतीच्या 'सगळ्या बाजू' शिकवायचं शिक्षकांना स्वातंत्र्य असावं, अशी गोड भाषा आहे. दुसरी बाजू कोणती, हे सगळ्यांना ठाऊक आहे : देवाने सहा दिवसांत जग घडवलं आणि प्राणी आज आहेत तसेच घडवले. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका राज्यात असा कायदा यंदा झालाही. आमच्याकडे अजून झालेला नाही, पण त्याच्या नुसत्या चाहुलीने एक प्रकरण गळालं.

आणि मला गावच्या शाळेतला तुमचा जीवशास्त्राचा तास आठवतो. महादेवाच्या गाभाऱ्यात मेलेलं वटवाघूळ तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून शाळेत आणलंय. पहाटेची पूजा तुम्हीच करत होतात, म्हणून ते तुम्हालाच सापडलं. कपाळावर भस्माचे पट्टे तसेच आहेत आणि तुम्ही टेबलावर त्याचा पंख ताणून टाचण्यांनी बसवताय. पुढच्या बाकावरची पोरं नाक दाबून मागे सरकतात. तुम्ही माझं मनगट धरून माझा पंजा त्या पंखाशेजारी ठेवता. "मोज बोटं." मी मोजतो. आखूड अंगठा, चार काटकुळी लांब बोटं, मध्ये ताणलेली कातडी. "तुझं नि याचं काय नातं आहे रे?" वर्ग खदखदून हसतो. तुम्ही हसत नाही. हसू ओसरेपर्यंत थांबता आणि खडू उचलता.

त्या वर्षी सहामाहीच्या पेपरात उत्क्रांतीचे पुरावे लिहा असा प्रश्न होता आणि मी मोठ्या ऐटीत दशावतार लिहिला. आधी पाण्यातला मासा, मग पाण्या-जमिनीवरचं कासव, मग वराह, मग अर्धा सिंह नि अर्धा माणूस, मग वामन. वडिलांकडून ऐकलेलं सगळं ओतलं. तुम्ही मला टेबलाशी बोलावलंत.

"हे काय लिहिलंस?"

"सर, खरंय ना ते?"

"खरं की खोटं मी विचारलंच नव्हतं. पुरावा विचारला होता." मग आवाज खाली आणून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणालात, "देवाला पेपरात आणलंस, तर त्याला मार्क मी द्यायचे. सांग, दहापैकी किती देऊ? मी कोण लागून गेलो त्याला मार्क देणारा? जा, घरी घेऊन जा त्याला. संध्याकाळी देवळात ये आणि तिथे सांग दशावतार. मी हात जोडून ऐकतो."

मी गेलो होतो, सर. आणि तुम्ही खरंच डोळे मिटून, हात जोडून ऐकलंत. त्या प्रश्नाला शून्य दिलेल्या माणसाने. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. माणूस असाच असतो, अशीच माझी समजूत झाली, आणि इतकी वर्षं त्या समजुतीवर माझं निभावलं.

मग मध्यंतरी दिवाळीच्या कार्यक्रमासाठी इथल्या मराठी मंडळाची बैठक झाली. बेसमेंटमध्ये सतरंज्या, चहाचा थर्मास, चिवडा. मंडळाची पूजा मी सांगतो, त्यामुळे देवाधर्माचं काही निघालं की सगळे माझ्याकडे बघतात. आमच्यातले सगळ्यांत जुने म्हणजे एक निवृत्त हृदय-शल्यचिकित्सक, सगळ्यांचे डॉक्टरकाका. त्या विधेयकाचा विषय निघाला तेव्हा तेच म्हणाले, "अरे, त्यांचं शाळेत जाणार असेल तर आपलं का नको? मासा, कासव, डुक्कर, मग माणूस. गोऱ्यांच्या आधी आपल्याकडे सगळं होतं. आमदार लायब्ररीत सभा घेतोय, तिथे तू बोल. बिलाला सपोर्ट दे आणि आपल्यालाही वेळ माग."

पुण्याहून आलेला एक आयटीतला मुलगा उत्साहाने म्हणाला, "करेक्ट आहे यार! इक्वल टाइम मागू. काका, तुम्ही पूजा सांगता, तुमचं ऐकतील."

मी म्हणालो, "डॉक्टर, तुम्ही डुकराच्या झडपा माणसांच्या हृदयात बसवल्यात. त्या काय वराह अवतार म्हणून बसवल्यात?"

सगळे हसले. डॉक्टरही हसले आणि चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तुझं आपलं काहीतरीच. अरे, ते सायन्स. ही स्ट्रॅटेजी आहे."

स्ट्रॅटेजी. सर, मी ती बशी तशीच परत सरकवली. सहा दिवसांत जग झालं असं मनापासून मानणारा माझा शेजारी परवडला. तो निदान स्वतःला फसवत नाही. या माणसाचे हात आयुष्यभर त्याच ज्ञानावर चालले, आणि ते ज्ञान पोरांना मिळू नये याला तो हसतहसत तयार होता, बदल्यात आमच्या देवाला पुस्तकात अर्धं पान मिळणार म्हणून. देव मिरवायला आणि विज्ञान पोट भरायला. दोन्हींचा मान एकदम घालवायला केवढी अक्कल लागते!

मी सभेत बोललो, पण विधेयकाच्या विरोधात. मुलगी हट्टाने बरोबर आली होती. डॉक्टर आणि मंडळाचे दोघेचौघे मागच्या रांगेत, मी त्यांच्या बाजूने बोलेन या आशेवर. माझं इंग्रजी तसं कामापुरतंच, तरी सांगितलं की इथे म्हणतात उत्क्रांती नुसती थिअरी आहे, म्हणजे अंदाज आहे. आमच्या भाषेत तिला सिद्धांत म्हणतात, म्हणजे तपासून शेवटी सिद्ध झालेलं. माझ्या गावच्या शाळेला धड छप्पर नव्हतं, तरी तिथे हे प्रकरण कुणी गाळलं नाही. लोक शांत ऐकत होते. मग एक म्हातारी बाई उठली. चेहरा प्रेमळ, गळ्यात बारीक क्रूस. आवाजात काही खोच नव्हती. "दॅट वॉज लव्हली, सर. मे आय आस्क, डू यू बिलीव्ह इन गॉड?"

हो म्हणायचं होतं. तेवढ्यासाठीच तर मी उभा होतो. हो, आणि तरीही उत्क्रांती शिकवा. पण त्या खोलीत 'तरीही'ला जागाच नव्हती, असं मला वाटलं. हो म्हटलं तर मागची रांग टाळ्या पिटेल, आणि जे माझ्या बाजूचे तेही म्हणतील, हाही त्यातलाच. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"नो, मॅडम," मी म्हणालो. "नॉट रिअली."

टाळ्या पडल्या. माझ्या बाजूच्या लोकांनी वाजवल्या. त्या बाईने मान हलवली, दुःखी झाल्यासारखी, आणि खाली बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवांना पाणी घालत होतो, तेव्हा मुलगी पाठीवर दप्तर अडकवून दारात उभी राहिली आणि अगदी सहज, कुत्सितपणा न करता म्हणाली, "बाबा, सो आर यू स्टिल गोइंग टू डू दॅट?"

मी हो म्हणालो. ती शाळेच्या बसकडे गेली.

तुम्ही हयात असतात तर सभेपर्यंतचंच लिहिलं असतं, आणि पत्र पोस्टात टाकलं असतं. आता सगळं लिहिलंय आणि ते कुठेच जाणार नाही. पूजा चालू आहे, सर. फक्त त्या सकाळपासून मी घंटा वाजवलेली नाही. बायकोने विचारलं, तर म्हणालो, लोलक सैल झालाय. तो सैल झालेला नाही.