शुद्धीत आहे तोवर

बोरी, ता. जिंतूर
रविवार

प्रिय नीलम,

फोन केला की आपण दोघी जेवण झालं का, नळाला पाणी आलं का, तुझ्या सृष्टीचा खोकला थांबला का, एवढ्यावरच राहतो. मग तू म्हणतेस, "ठेवते आई," आणि मी म्हणते, "ठेव." वर्ष होत आलं, आपलं बोलणं याच्यापुढे गेलेलं नाही. म्हणून आज कागद घेतला. लिहिताना आवाज भरून आला तरी समोरच्याला कळत नाही, एवढं एक बरं असतं.

इकडे कापसाची वेचणी सुरू आहे. बाबांचं दुकान तुझ्या भावाने उघडलं. जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं वाइंडिंग नागेशला येत नाही, तो नव्या मोटारी विकतो. तरी जुनी गिऱ्हाइकं जळालेली मोटार मोटारसायकलला बांधून आणतात, दारात उभी राहतात आणि म्हणतात, "सितारामभाऊ असते तर ही आजच विहिरीत उतरली असती." नागेश हसून चहा सांगतो. मला मात्र तुझ्या बाबांचे हात दिसतात. घरी जेवायला बसले तरी त्यांच्या बोटांवर तांब्याच्या तारेचे ओरखडे असायचे आणि अंगाला वार्निशचा वास.

परभणीच्या दवाखान्यातलं तुला सगळं माहीत आहे. पण तू एका जागी उभी होतीस, मी दुसऱ्या. मला ते एकदा सरळ मांडू दे. निमोनियाने त्यांची छाती भरली, घशात नळी घातली, आणि आपण बाहेरच्या बाकड्यावर नुसतं काचेकडे बघत बसलो. नळी काढली त्या दिवशी ते पहिलं काय बोलले आठवतं? "चहा हाय का?" तू हसलीस आणि हसता हसता रडलीस. आपल्याला वाटलं, सुटलो.

त्याच दुपारी त्यांचे हात सुरू झाले. चादरीवरून काहीतरी उचलायचं, बोटांत धरायचं आणि गुंडाळत राहायचं. मी ओळखलं, ते वाइंडिंग करत होते. सलाईनची नळी त्यांना तार वाटली, ती त्यांनी ओढून काढली आणि रक्त उडालं. मग सिस्टरने पट्टीने दोन्ही हात कॉटला बांधले. सलाईनच्या स्टँडला ते म्हणायचे, "पाटील, उभं काऊन ऱ्हायलात? सोमवारी या, मोटार तयार ऱ्हाईल." मध्येच मला म्हणायचे, "थ्री फेज लाईट आली का बघ." भिंतीवरून मुंगळे चालले आहेत, ते कानात शिरायला लागले म्हणून मान आपटायचे. हात बांधलेला माणूस कान झाकू शकत नाही, गं. मी माझ्या हातांनी त्यांचे कान झाकून बसायचे. तेव्हा थोडे शांत व्हायचे.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला कडूआत्या जीप भरून माणसं घेऊन आल्या. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून मी खाली औषधाच्या दुकानात गेले. परत आले तर तू भिंतीला टेकून उभी होतीस, हातात रिकामा ग्लास, ओढणी ओली. तू त्यांना साखर-मिठाचं पाणी पाजत होतीस. आणि ते ओरडत होते, "हिनं टाकलं. फवारणीचं औषध टाकलं हिनं." ज्या घरात फवारणीचा डबा असतो तिथे हा शब्द नुसता शब्द नसतो. बोरीची माणसं तुझ्याकडे बघायला लागली. कडूआत्या म्हणाल्या, "मरनाऱ्याच्या तोंडी खोटं येत नस्तं." नागेश फरशीकडे बघत होता. तू ग्लास स्टुलावर ठेवलास, पिशवी घेतलीस आणि निघालीस. मी जिन्यापर्यंत आले होते तुझ्यामागे. तुला ते माहीत आहे की नाही, मला ठाऊक नाही.

ते शुद्धीवर आलेच नाहीत. त्यांची छाती पुन्हा भरली आणि ते गेले. तू आलीस ती अंगणाच्या कडेला उभी राहिलीस. बायका कुजबुजत होत्या म्हणून मढ्याजवळसुद्धा आली नाहीस आणि संध्याकाळच्या जीपने तुझ्या घरी पाथरीला परत गेलीस. नंतर बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही तू नव्हतीस. त्रिसरण म्हणताना माझं लक्ष सगळा वेळ फाटकाकडे होतं.

मी तुला फोनवर सांगितलं होतं की माझ्या मनात तुझ्याविषयी कधी किंतू आला नाही. तू म्हणालीस, "तुझं माहीत आहे, आई. पण बाबांच्या मनात आला ना." तुला गावाचं काही वाटत नाही, तुला त्यांचं लागलंय. हे मला कळत होतं, पण माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं.

आता आहे. मागच्या आठवड्यात नागेशची रोहिणी माझ्यापुढे येऊन बसली. भाकरीचं पीठ तसंच हाताला, आणि रडायला लागली. मला वाटलं नागेश काही बोलला असेल. ती म्हणाली, "मामी, त्या दिवशी तुमी खाली गेलत्या, मी तिथंच होते." मग तिने सांगितलं. बाबा "औषध, औषध" एवढंच बडबडत होते. ते दवाखान्यातलं औषध म्हणत होते की दुसरं, कोण जाणे. कडूआत्यांनी त्यांचे खांदे धरले आणि विचारायला लागल्या, "कुनी केलं तुला? सांग. नाव घे." ते घाबरले. आत्यांनी पहिलं बोट रोहिणीकडे केलं, "ही का?" बाबांनी मान हलवली, हो. आत्या म्हणाल्या, "नीट बघून सांग, ही तर लेकरावानी हाय." मग बोट जीपवाल्या भुजंगकडे. त्यालाही हो. तू कोपऱ्यात पाठ करून पाणी ढवळत होतीस. तू ग्लास घेऊन वळलीस, समोर आलीस, आणि आत्या परत म्हणाल्या, "ही का?" त्यालाही हो. फरक एवढाच की तुझ्या हातात ग्लास होता. मग "फवारनीचं औषध टाकलं का हिनं?" हे आत्यांनीच त्या ग्लासावरून जुळवून विचारलं, आणि बाबा तेच ओरडायला लागले.

रोहिणी म्हणाली, "माजं नाव घेतलं तवा आत्यांनी उडवून लावलं, आन् मी सुटले. ताईंचं नाव आलं तवा मी बोलले न्हाई. बोलले अस्ते तर परत माज्यावर आलं अस्तं." मी तिला रागावले नाही. नवी सून होती, वीस माणसांत उभी होती. तिच्या हाताचं पीठ मीच पुसलं.

नीलम, बाबांनी तुझं नाव घेतलं नाही. त्यांनी विचारणाऱ्याला हो म्हटलं. मी तिथे असते तर मलाही हो म्हटलं असतं. जन्मभर गिऱ्हाइकाला "नाही" म्हणता न आलेला माणूस तो, बांधलेल्या हातांनी काय नाही म्हणणार? आणि कडूआत्यांचंही मला नवल वाटत नाही. माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली धम्म घेतला आणि देव नदीत सोडले. पण अंगात आलेल्याला धरून विचारायची खोड काही वाहून गेली नाही. कोण आहेस, काय पाहिजे, कुणी केलं. आजारी माणसाला आपण तेच विचारलं, आणि जे मिळालं त्याला खरं समजलो.

बाबांना तेव्हा काय झालं होतं, हे मी परभणीच्या डॉक्टरांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, "याला वेड म्हणत नाहीत. मोठ्या आजारात, नळी, औषधं, मोडलेली झोप, यानं मेंदू काही दिवस भरकटतो. समोर नसलेलं दिसतं, आपली माणसं परकी वाटतात. त्यात मनातलं खरं-खोटं काही नसतं." मी त्यांना ते कागदावर लिहून मागितलं आणि घरी येऊन पुन्हा पुन्हा वाचलं. तुला आठवतं, तुझ्याच पहिलीच्या पुस्तकावरून मी अक्षरं लावायला शिकले. वाचता आलं नसतं तर एवढं मोठं वाक्य मी डोक्यात कसं धरून आणलं असतं?

आता तू म्हणशील, डॉक्टरांकडे मी कशाला गेले होते. माझ्या मोठ्या आतड्यात गाठ आहे. पुढच्या महिन्यात पोट उघडून ती काढायची आहे, नंतर काही दिवस त्या काचेमागच्या खोलीत ठेवतील. डॉक्टर म्हणाले, या वयात बाबांसारखं तुम्हालाही होऊ शकतं, होईलच असं नाही, पण ओळखीचं एक माणूस जवळ पाहिजे. रोहिणीने सांगितलं ते त्याच संध्याकाळी, कारण नागेश म्हणाला होता की माझ्याजवळ ती थांबेल, आणि तिला परत तेच होईल याची भीती वाटली. मग मी नागेशला म्हटलं, "न्हाई, नीलम थांबंल." त्याने दवाखान्यात तुझा नंबर दिला. मला मरणाची भीती कमी आहे, त्या दिवसांची जास्त आहे, जेव्हा माझं तोंड माझं राहणार नाही. मी तुला ओळखणार नाही कदाचित. वाईट बोलेन. त्यांच्या तोंडचं तेच वाक्य माझ्याही तोंडून येईल, कारण ते माझ्या कानात बसलेलं आहे. तेव्हा माझ्याशी वाद घालू नकोस आणि काही विचारू नकोस. मला माझा चष्मा लाव, आज कोणता वार ते सांग, तू कोण ते सांग. कडूआत्या आल्या तर त्यांना बाहेर बसवून चहा दे. त्याही भावासाठीच रडत होत्या. मी आज पूर्ण शुद्धीत आहे आणि शुद्धीत सांगते, मला जवळ तू हवी आहेस. फक्त ऑपरेशनच्या एक दिवस आधीच येऊन राहा. त्या दिवशी मी तुला नक्की ओळखेन.

वाट बघणारी, तुझीच
आई