गोल टेबलाभोवती सहा जण

डुलुथ,
७ जुलै

प्रिय आर्वो,
स. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. बोटीवरच्या एकोणतीस माणसांना तू सलग तीन दिवस वाटाण्याचं सूप पाजलंस आणि अजून कोणी तुला सरोवरात ढकललेलं नाही, हे वाचून जीव भांड्यात पडला.

आता माझी बातमी. बसून वाच. मी कायद्याच्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला आहे. ऑक्टोबरमधल्या पहिल्या शनिवारी परीक्षा. कोर्टात एकोणीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं लघुलिपीत टिपून घेते आहे. न्यायाधीश हेडस्ट्रॉम गेली नऊ वर्षं मला म्हणत आहेत की, आयली, तू टिपतेस त्या निम्म्या वकिलांपेक्षा तुला जास्त कळतं. ते नव्या वर्षात निवृत्त होणार. जाण्याआधी माझ्यासाठी शिफारसपत्र लिहून ठेवतो, म्हणाले. संध्याकाळच्या वर्गाची नवी तुकडी दर दोन वर्षांनी निघते आणि ती या जानेवारीत निघते आहे. बेचाळिसाव्या वर्षी हे काय खूळ, असं तू म्हणणार नाहीस, म्हणून तुलाच आधी कळवते.

वाचनाचा भाग मला जमतो, युक्तिवादाचाही. घोडं अडतं ते कोड्यांपाशी. पस्तीस मिनिटांत चार कोडी. कोण कोणाच्या आधी, कोण कोणत्या गटात, असली. आपल्या घरात त्या परीक्षेला बसलेला तू एकटाच. ते गोल टेबलाचं कोडं तुला कसं आडवं आलं, हे आई शेवटपर्यंत सांगत राहिली. ती असती तर आज तिनेच तुला पत्र लिहायला लावलं असतं. तेव्हा आचारीबुवा, मला शिकवा.

आठवण ठेव, आणि ती कागदावर उतरवत जा.
तुझी,
आयली

&nbsp;

बोटीवरून,
१९ जुलै

प्रिय आयली,
अ. आ.

डेट्रॉइटपाशी टपालाची होडी आली, आम्ही दोरीने बादली खाली सोडली आणि तुझं पत्र वर आलं. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. भटारखान्यात काम फार होतं असं लिहिणार होतो, पण तसं काही नव्हतं. त्या परीक्षेचं नाव बारा वर्षांनी पाहिलं, एवढंच.

तू बसते आहेस, फार बरं वाटलं. लहानपणी चर्चमधल्या प्रवचनात पाद्री स्वतःचंच म्हणणं कुठे खोडतो, हे तू मला कोपराने ढोसून दाखवायचीस. तेव्हाच तुला कॉलेजात घालायला हवं होतं.

कोण कोणाच्या आधी, ती ओळीतली कोडी तू करशीलच. घात करतात ती क्वचित येणारी. गोल टेबलाची, गावांमधल्या रस्त्यांच्या नकाशाची, आणि प्रत्येक फेरीला पेट्या जागा बदलतात ती. हे पहिलं घे. गोल टेबलाभोवती सहा खुर्च्या. कप्तान, त्याचा दुय्यम म्हणजे मेट, इंजिनियर, सुकाणूवाला, खलाशी आणि आचारी. इंजिनियर कप्तानाच्या बरोबर समोर. आचारी कप्तानाच्या शेजारी नाही. मेट कप्तानाच्या शेजारी. सुकाणूवाला आणि खलाशी भांडलेले, ते शेजारी बसणार नाहीत. तर आचाऱ्याच्या समोर कोण?

गोल टेबलाला पहिली खुर्ची नसते, त्यामुळे माणूस गांगरतो. आधी एकाला कुठेही बसवून टाकायचं, मग बाकीचे आपोआप जागेवर येतात.

तब्येत सांभाळ, आणि दादा म्हणून थोडा धाक असू दे.
आर्वो

&nbsp;

डुलुथ,
११ ऑगस्ट

प्रिय आर्वो,
स. न. वि. वि.

मेट. आचाऱ्याच्या समोर मेटच येतो. बिचाऱ्याला समोर बसून सूप छान झालंय म्हणावं लागत असेल. पहिल्यांदा अर्धा तास लागला, दुसऱ्यांदा सात मिनिटं. तुझ्या हातात शिकवण्याची कला आहे, हे मी खरंच म्हणते. कप्तानाला आधी बसवून टाक, हे कोणत्याच पुस्तकात इतकं सोपं करून लिहिलेलं नाही.

पण एक शंका आहे, रागावू नकोस. परीक्षेच्या तयारीचा पुस्तकवाला लिहितो की गोल टेबलं आणि नकाशे फार विरळा, दहा परीक्षांत एखाद्या वेळी. ओळीतली आणि गटांची कोडी मात्र दर वेळी असतात. आणि मी ओळीतल्यांतच हळू आहे. एकेकाला बारा मिनिटं घेते. उरलेले आठ आठवडे तीच घासावीत का? हेडस्ट्रॉमसाहेबांनाही तसंच वाटतं. पण ते त्या कोड्यांसमोर कधी बसलेले नाहीत, तू बसलास. तू म्हणशील तसं करते.

मेरीएटा, माझ्या शेजारची टंकलेखिका, रोज विचारते की तुझा भाऊ वकील का नाही झाला. मी सांगते, एका टेबलाने अडवलं.

उत्तराची वाट बघते. एरवीही बघतेच.
आयली

&nbsp;

बोटीवरून,
२३ ऑगस्ट

प्रिय आयली,
अ. आ.

पुस्तकवाल्याने पुस्तक विकलं, परीक्षा दिली नाही. दहांत एकदा म्हणजे ती एक वेळ कोणाच्या तरी वाट्याला येतेच ना. ओळीतलं कोडं चुकलं तर एक गुण जातो, न पाहिलेलं समोर आलं तर हातपायच गळतात. मग पुढचं सोपं असलं तरी दिसत नाही. माझं तेच झालं. माझ्यावर विश्वास ठेव.

सोबत बावीस कागद आहेत. नऊ टेबलं, सात नकाशे, सहा पेट्यांची. रात्रपाळीचे लोक जेवून गेले की भटारखान्यात बसून केली आहेत, एका कागदावर कांद्याच्या रश्श्याचा डाग आहे त्याकडे लक्ष देऊ नकोस. रोज एक सोडव.

हिंमत सोडू नकोस, माझ्यावरची माया तर मुळीच सोडू नकोस.
आर्वो

&nbsp;

डुलुथ,
७ ऑक्टोबर

प्रिय आर्वो,
स. न. वि. वि.

परीक्षा झाली. काल लिहिणार होते, पण काल दिवसभर सौना तापवून तिच्या वाफेत नुसती बसून राहिले.

टेबल आलं नाही. नकाशा आला नाही. चारही कोडी साधी होती, दोन ओळींची, दोन गटांची. पहिलं इतकं साधं दिसलं की मला संशय आला. यात काहीतरी दडलेलं असणार म्हणून मी ते उलटंसुलटं करून पाहत बसले. दडलेलं काही नव्हतं. तिसऱ्यात अर्ध्यावर होते तेव्हा पर्यवेक्षक बाईंनी पाच मिनिटं उरली म्हणून सांगितलं. चौथं मी फक्त वाचलं. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीने तोवर पेन्सिल खाली ठेवली होती.

तुझे कागद सगळे सोडवले होते, बावीसच्या बावीस. ते फुकट गेले असं मनात आणू नकोस. वाचनाचा भाग चांगला गेला आहे, त्याने कदाचित भरून निघेल.

थंडी पडली की तुला होतो तो खोकला कसा आहे ते लिही.
आयली

&nbsp;

डुलुथ,
९ नोव्हेंबर

प्रिय आर्वो,

निकाल आला. हवे होते त्याहून चार गुण कमी. कोड्यांत गेले तेवढेच.

हेडस्ट्रॉमसाहेब स्वतः कॉलेजात जाऊन आले. कॉलेजवाल्यांनी नम्रपणे सांगितलं की पुढच्या तुकडीला या. ती दोन वर्षांनी. तोवर साहेब फ्लोरिडात असतील आणि मी चव्वेचाळीसची. त्यांनी शिफारसपत्र लिहिलेलं होतं, ते मला देऊन टाकलं. मी अजून वाचलेलं नाही.

तुला वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. घरात दोघांना एकाच परीक्षेने हरवलं, एवढंच. निदान मला सोबत आहे.

आयली

&nbsp;

बोटीवरून,
१६ नोव्हेंबर

प्रिय आयली,

हे पत्र तीनदा फाडलं. वारा फार आहे, भांडी जागेवर राहत नाहीत, तरी आज लिहून बादलीत टाकणार आहे.

तुला सोबत नाही. मला परीक्षेने हरवलं नाही. मी परीक्षेला बसलोच नाही.

त्या दिवशी आईने बाबांच्या चाकूने तीन पेन्सिली तासून दिल्या, राय धान्याच्या पावात मासा घालून दिला. मी विद्यापीठापर्यंत गेलो, गाडी लावली. मुलं आत जाताना दिसत होती. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, हसत-खिदळत चाललेली. मनात आलं, आत गेलो आणि नापास झालो तर मी हुशार नाही हे ठरून जाईल. गाडीतच थांबलो तर ते कधीच ठरणार नाही. नऊला दारं लागली. दहाला मी पाव खाल्ला.

घरी आल्यावर आईने विचारलं की कठीण काय होतं. काहीतरी सांगायला हवं होतं. पुस्तकात एक गोल टेबलाचं कोडं होतं, तेच तोंडात आलं. त्यातली लाजिरवाणी गोष्ट अशी की ते मला सुटलं होतं. आवडलंही होतं.

पुढे आईने ते चर्चभर सांगितलं, आणि मग मागे फिरायला वाट उरली नाही. पण तुझ्या बाबतीत वाट होती. ऑगस्टमध्ये तू सरळ विचारलंस. पुस्तकवाल्याचं खरं आहे, ओळीतली घास, एवढं लिहायचं होतं. पण मग तू विचारलं असतंस की तुझ्याच वेळी टेबल कसं आलं. ते टाळण्यासाठी मी बावीस कागद लिहिले. ते लिहिताना मला खरंच वाटत होतं की मी तुला मदत करतो आहे. इतकी वर्षं एकच गोष्ट सांगितली की सांगणाऱ्यालाही ती खरी वाटायला लागते.

माफी मागतो. ती मिळावी असं काही मी केलेलं नाही, हे ठाऊक आहे.

आर्वो

&nbsp;

डुलुथ,
२१ डिसेंबर

प्रिय आर्वो,

पाच आठवडे उत्तर दिलं नाही. काम होतं असं मीही लिहिणार नाही.

तू गाडीत बसून राहिलास याचा मला राग नाही. भीती मला कळते. ती मला ऑक्टोबरात परीक्षेच्या हॉलमध्ये चांगली भेटली. राग ऑगस्टचा आहे. तू म्हणशील तसं करते, असं मी तुला लिहिलं होतं.

आणि एक गोष्ट तुला माहीत नाही. आपल्या स्वयंपाकघरातलं गोल टेबल आठवतं? आईने ते चर्चच्या सभागृहाला देऊन चौकोनी आणलं, तेव्हा तू बोटीवर होतास. जुन्याचा पाय हलत होता, असं तिने तुला सांगितलं. पाय हलत नव्हता. रोज जेवताना आर्वोच्या डोळ्यांसमोर ते नको, असं ती म्हणाली, आणि तुला कारण सांगायचं नाही अशी मला शपथ घातली. ते तिच्या लग्नातलं टेबल होतं. चर्चमध्ये कॉफीला गेली की ती त्याच टेबलाशी बसायची आणि कडेवरून हात फिरवायची. मी पाहत होते. हे तुला दुखवायला लिहीत नाही. थोडं त्यासाठीही लिहिते आहे.

शिफारसपत्र वाचलं. चांगलं लिहिलं आहे. दोन वर्षांनी बसेन की नाही, आज सांगता येत नाही. गेल्या आठवड्यापासून ओळीतली कोडी काढली आहेत, रोज दोन. काल एक नऊ मिनिटांत झालं.

जानेवारीत बोट धक्क्याला लागली की तू दरवर्षी माझ्याकडे राहायला येतोस. या वर्षी टू हार्बर्सला खोली घे. तू समोर बसलास तर मी बोलणार नाही, आणि न बोलता आपल्याला दोन महिने काढता येणार नाहीत. मार्चमध्ये बोट निघण्याआधी एकदा जेवायला बोलावीन. नक्की कधी ते कळवीन, तोवर तू विचारू नकोस.

लोभ आहे. नसता तर हे पत्र फार सोपं गेलं असतं.
आयली